थॉमस पॅरी (१९०४–१९८५): वेल्श ग्रंथपाल आणि संशोधकाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

थॉमस पॅरी कोण होते?

वेल्श साहित्याचे इतिहासकार, मध्ययुगीन वेल्श काव्याचे संपादक, वेल्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचे तिसरे ग्रंथपाल (१९५३ ते १९५८) आणि त्यानंतर अबेरिस्टविथच्या विद्यापीठ कॉलेजचे प्राचार्य (१९५८ ते १९६९). जन्म ४ ऑगस्ट १९०४ रोजी वायव्य वेल्समधल्या कार्मेल गावी. मृत्यू एप्रिल १९८५ मध्ये. १९५९ साली ते ब्रिटिश अकादमीचे फेलो झाले आणि १९७८ साली त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला.

त्यांनी साहित्याचा इतिहास लिहिला, कविता केल्या, नाटक लिहिलं, ग्रंथसूची केली. तरी वेल्समध्ये त्यांचं नाव आजही घेतलं जातं ते मुख्यतः एका कामासाठी. एका मोठ्या कवीच्या नावावर जमा झालेल्या शेकडो कवितांतून खरोखर त्याच्या कुठल्या, हे त्यांनी पुराव्यानिशी ठरवलं, आणि ज्या वगळल्या त्यांचीही नोंद ठेवली. त्याबद्दल खाली सविस्तर येईल.

त्यांची पार्श्वभूमी काय होती?

वडील दगडखाणीत कामाला. कार्मेलच्या आसपासचा सगळा मुलूख स्लेटच्या खाणींचा, म्हणजे आपल्याकडे शाळेतल्या पाटीला वापरत तो दगड. तिकडे तो मुख्यतः घरांची छपरं शाकारायला वापरला जाई. या खाणींमध्ये जेवणाच्या सुट्टीत कामगार ज्या छपरीत बसत तिला ‘कबान’ म्हणत. तिथे गाणी, कविता, वादविवाद चालत, चर्चमधल्या प्रवचनाची चिरफाड होई. घराघरात बोलणं वेल्शमध्येच. खाणकामगाराच्या मुलाने मध्ययुगीन काव्याकडे वळणं त्या भागात नवलाचं नव्हतं.

शिवाय घराण्यातच कविता होती. विसाव्या शतकातले दोन अव्वल वेल्श कवी, आर. विल्यम्स पॅरी (१८८४–१९५६) आणि टी. एच. पॅरी-विल्यम्स (१८८७–१९७५), हे नात्याने त्यांचे भाऊ. तिघांची नावं इतकी सारखी आहेत की सूचीत शोधताना हमखास घोटाळा होतो. कुठलाही लेख उघडण्याआधी जन्मसाल बघा: १९०४ असेल तरच आपले थॉमस पॅरी.

शिक्षण आणि नोकऱ्यांचा क्रम कसा होता?

पेनग्रोइसच्या शाळेतून बँगरच्या विद्यापीठ कॉलेजात, तिथे १९२६ साली वेल्शमध्ये पहिला वर्ग. लगेच कार्डिफला वेल्श आणि लॅटिनचे व्याख्याते. १९२९ मध्ये पुन्हा बँगर, आणि तिथे १९४७ पर्यंत व्याख्याते. १९४७ मध्ये इफोर विल्यम्स निवृत्त झाल्यावर वेल्शचे प्राध्यापक. १९५३ मध्ये ग्रंथपाल, १९५८ मध्ये प्राचार्य, १९६९ मध्ये निवृत्ती. निवृत्तीनंतर ते काही वर्षं राष्ट्रीय ग्रंथालयाचे अध्यक्षही होते.

कार्डिफमधली लॅटिनची तीन वर्षं चरित्रात एका ओळीत संपतात, पण त्यांचं महत्त्व मोठं. लॅटिन आणि ग्रीक ग्रंथांच्या संपादनात हस्तलिखितांची वंशावळ लावण्याची (कुठली प्रत कुठल्या प्रतीवरून उतरली हे ठरवण्याची) पद्धत तोवर चांगली मुरलेली होती. वेल्श काव्याला ती शिस्त पॅरींनी जितक्या कसोशीने लावली तितकी त्यांच्या आधी क्वचितच कोणी लावली असेल.

ग्रंथपालपदी प्राध्यापक का आणला?

राष्ट्रीय ग्रंथालयाची सनद १९०७ ची. पहिले ग्रंथपाल जॉन बॅलिंजर कार्डिफच्या सार्वजनिक ग्रंथालयातून आले होते. पुस्तकं गोळा करणं, इमारत उभी करणं, पैसा मिळवणं हे त्यांच्या काळातलं मुख्य काम. १९३० मध्ये विल्यम ल्यूएलिन डेव्हिस आले. १९५२ साली त्यांचं निधन झालं आणि जागा रिकामी झाली.

या ग्रंथालयाचं काळीज म्हणजे हस्तलिखितं. सतराव्या शतकात हेंगुर्टच्या रॉबर्ट वॉन यांनी जमवलेला संग्रह पुढे पेन्यार्थला गेला, तो व्हिक्टोरिया राणीचे डॉक्टर सर जॉन विल्यम्स यांनी विकत घेतला आणि त्यांच्याकडून ग्रंथालयाला मिळाला. वेल्श भाषेतली कितीतरी जुनी पुस्तकं त्यातच आहेत, उदाहरणार्थ ‘कार्मार्थनचं काळं पुस्तक’. अशा संग्रहाच्या प्रमुखाला पान उलटून हे अक्षर कोणाचं, नक्कल कुठून उतरवली आहे, हे कळायला हवं. पॅरींनी आयुष्याची वीसेक वर्षं तेच केलं होतं. त्यांचं सगळ्यात मोठं संपादन आलं १९५२ मध्ये आणि नेमणूक १९५३ ची.

त्यांच्या पाच वर्षांत ग्रंथालयात काय झालं?

ठळक गोष्ट म्हणजे इमारत पुरी झाली. १९११ मध्ये पायाभरणी झालेली वास्तू पैसा मिळेल तसतशी टप्प्याटप्प्याने वाढत होती. दोन महायुद्धांनी काम रखडलं. मधला भाग होऊन वास्तू पूर्ण झाली ती १९५५ मध्ये, पॅरी ग्रंथपाल असताना. रोजचं काम मात्र इतर कुठल्याही मोठ्या ग्रंथालयासारखंच: नोंदी, जतन, वाचकांच्या चौकश्या, कर्मचारी, अंदाजपत्रक. १९५८ मध्ये त्यांच्या जागी त्याच ग्रंथालयातले हस्तलिखितांचे जाणकार ई. डी. जोन्स आले.

त्यांचं सर्वात महत्त्वाचं पुस्तक कोणतं?

‘ग्वाइथ दाविद अप ग्विलिम’, म्हणजे ‘दाविद अप ग्विलिमची रचना’, १९५२. दाविद हा चौदाव्या शतकातला कवी, वेल्श भाषेतला बहुतेकांच्या मते सर्वश्रेष्ठ. प्रेम, पक्षी, वारा, रात्री प्रेयसीच्या घराशी झालेली फजिती, मित्राशी काव्यातून भांडण, असे त्याचे विषय.

अडचण ही की त्याच्या हयातीतल्या प्रती जवळजवळ नाहीत. रचना तोंडपाठ करून सभेत म्हणणाऱ्या गायकांनी त्या टिकवल्या आणि बहुतेक लिखाण पंधराव्या शतकाच्या मध्यापासून पुढचं आहे. म्हणजे कवी आणि कागद यांच्यात निदान शंभर वर्षांचं अंतर. एवढ्या काळात प्रसिद्ध नावाला चिकटायचं ते सगळं चिकटलं. प्रेमकविता आहे, त्यात कोकीळ आहे, कवीचं नाव नाही. नक्कल करणारा बिनदिक्कत ‘दाविद अप ग्विलिम’ लिहून मोकळा होई. ‘तुका म्हणे’ असलेला प्रत्येक अभंग तुकोबांचा नसतो, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना ही अडचण वेगळी समजावून सांगायला नको.

दाविदचा पहिला छापील संग्रह १७८९ मध्ये लंडनला निघाला. त्यात २४६ कविता आणि वर १६ कवितांची पुरवणी. ही पुरवणी पुरवली होती योलो मॉर्गानुग (१७४७–१८२६) या हुन्नरी माणसाने. पुढे १९२६ मध्ये जी. जे. विल्यम्स यांनी सिद्ध केलं की पुरवणीत योलोने स्वतःच रचून दाविदच्या नावावर घातलेल्या कविता आहेत. तोवर सव्वाशेहून अधिक वर्षं लोक त्या दाविदच्या म्हणून वाचत होते, वाखाणत होते.

पॅरींनी खरं-खोटं ठरवलं कसं?

आधी एका कवितेच्या मिळतील तेवढ्या सगळ्या प्रती जमवायच्या आणि ओळ ओळ ताडून बघायच्या. दोन प्रतींत नेमकी तीच चूक सापडली तर त्या एकाच मूळ प्रतीवरून उतरलेल्या, किंवा एकीवरून दुसरी. दुसरी शक्यता सिद्ध झाली की त्या नकलेचं वजन शून्य: नऊ प्रती एकाच दहाव्या प्रतीच्या नकला असतील तर त्यांचं मत एकच. मतं मोजायची नाहीत, वंशावळ बघायची, हा या कामातला पहिला नियम. नवखे संशोधक इथेच फसतात.

मग नाव कोणकोणत्या प्रतींत कोणाचं आहे ते बघायचं. सगळ्या स्वतंत्र शाखा दाविदचं नाव देत असतील तर पुरावा बळकट. जुन्या प्रतीत दुसऱ्याच कवीचं नाव आणि फक्त उशिराच्या प्रतींत दाविदचं, तर संशय.

त्यानंतर भाषा आणि छंद. दाविद ज्या छंदात मुख्यतः लिहितो त्याचं नाव ‘कविद’. ओळीत ७ अक्षरावयव (एका दमात उच्चारला जाणारा शब्दाचा तुकडा, इंग्रजीत ‘सिलॅबल’), दोन ओळींचं यमक, आणि एका ओळीचा शेवट आघाताचा (उच्चारात जोर पडणारा) तर दुसरीचा बिनआघाताचा. ओळीच्या आत व्यंजनांची जी गुंफण असते तिला म्हणतात ‘कंहानेद’. तिचे चार प्रकार:

क्रोइस – ओळीच्या पहिल्या भागातली व्यंजनं त्याच क्रमाने दुसऱ्या भागात परत येतात.
त्राउस – तसंच, पण मधली काही व्यंजनं उत्तराशिवाय सोडलेली.
साइन – ओळीचे तीन भाग. पहिल्या दोघांचं यमक, दुसऱ्या-तिसऱ्याची व्यंजनं जुळलेली.
लुस्ग – पहिल्या भागाच्या शेवटाचं यमक ओळीतल्या शेवटून दुसऱ्या अवयवाशी.

दाविदच्या काळी ‘साइन’ भरपूर वापरत आणि जोडीतली पहिली ओळ पुष्कळदा कंहानेदशिवायही चालून जाई. पुढच्या शतकात कवी कडक झाले, ‘क्रोइस’ आणि ‘त्राउस’ फार वाढले. त्यामुळे एखाद्या कवितेतली चारही प्रकारांची टक्केवारी काढली की ती चौदाव्या शतकाची वाटते की पंधराव्या, याचा अंदाज येतो. पॅरींनी हे मोजमाप पद्धतशीर वापरलं.

हे प्रत्यक्ष एका ओळीवर दाखवता येईल का?

लानबादार्नच्या चर्चमधल्या मुलींवरची दाविदची कविता प्रसिद्ध आहे. देवाकडे पाठ करून तो मुलींकडे बघतो, आणि त्या त्याला हसतात. तिच्या पहिल्या दोन ओळींचा उच्चार साधारण असा: ‘प्लगी राग ल्लीद अर अदुइव, प्ला आर होल्ल वेर्खेद अ प्लुइव’. मतलब: रागाने मी वाकून गेलोय, मरो या गावातल्या सगळ्या पोरी!

दुसरी ओळ बोटांवर मोजा: प्ला, आर, होल्ल, वेर, खेद, अ, प्लुइव. सात. ‘अदुइव’ आणि ‘प्लुइव’ यांचं यमक, पहिल्याचा शेवट बिनआघाताचा, दुसऱ्याचा आघाताचा. सुरुवातीच्या ‘प्ला’तले प-ल शेवटच्या ‘प्लुइव’मध्ये परत आले, मधलं सगळं मोकळं. हा ‘त्राउस’.

मोजताना एक चूक सर्रास होते. वेल्श बोलीत काही शब्दांत शेवटी जादा स्वर घुसतो: ‘लिव्र’ (पुस्तक) म्हणताना लोक ‘लिविर’ म्हणतात. छंदात तो एकच अवयव धरायचा. दोन धरलात तर बिनचूक ओळही आठ अवयवांची दिसेल आणि उगाच पाठ बदलावासा वाटेल. जुन्या नक्कलकारांनी हा घोळ घातल्याचं हस्तलिखितांत दिसतं.

शेवटी किती कविता राहिल्या?

आवृत्तीत १५४ क्रमांक आहेत. त्यांतल्या शेवटच्या आठ म्हणजे दाविद आणि ग्रिफिद ग्रीग या कवींमधला काव्यवाद. चार दाविदच्या, चार ग्रिफिदच्या. म्हणून कुठे १५४ आणि कुठे १५० असा आकडा वाचायला मिळतो, दोन्ही बरोबर. नाकारलेल्या कविता १७७. स्वीकारलेल्यांपेक्षा जास्त!

या १७७ ची यादी पॅरींनी दिली, आणि कुठली का नाकारली हेही सांगितलं. आमच्या मते पुस्तकातला हा सर्वांत उदार भाग आहे. पुढच्या माणसाला त्यांच्याशी भांडायची सोय त्यांनी स्वतः करून ठेवली. १९९६ मध्ये हेलन फुल्टन यांनी या नाकारलेल्या कवितांपैकी ५० संपादित करून भाषांतरासह छापल्या, तो या यादीचाच फायदा.

सूचना: तुम्हाला ही यादी हवी असेल तर १९५२ ची पहिली आवृत्तीच मागवा. १९६३ च्या दुसऱ्या आवृत्तीत प्रस्तावना आटोपशीर केलेली आहे. दुसरी आवृत्ती घेऊन बसलेल्यांना संदर्भातला पान क्रमांक सापडत नाही, त्याचं कारण बहुधा हेच.

त्यांच्या निर्णयांत चुका निघाल्या का?

काही निर्णय बदलले. त्यांनी दाविदचा काळ मानला त्याहून पुढच्या संशोधकांनी तो थोडा मागे, म्हणजे शतकाच्या पूर्वार्धाकडे, सरकवला. काही नाकारलेल्या कविता पुन्हा विचारात घेतल्या गेल्या. पद्धतीचीही मर्यादा आहे: कंहानेदची टक्केवारी चौदावं शतक पंधराव्यापासून वेगळं काढते, पण दाविद आणि त्याच्याच पिढीतला, त्याचंच अनुकरण करणारा कवी यांच्यात फरक करताना ती लंगडी पडते. तीस-चाळीस ओळींच्या एकट्या कवितेची टक्केवारी तर दोन-तीन ओळींनीही हलते. तोंडी परंपरेत जोड्यांचा क्रमही बदलतो, कारण कविदमधली प्रत्येक जोडी बरीचशी स्वयंपूर्ण असते. गायकाला एक आधी आठवली, दुसरी नंतर, तरी छंद मोडत नाही. अशा वेळी ‘मूळ क्रम’ कुठला हे सांगणं फार अवघड.

आणखी एक ध्यानात ठेवा. पॅरींनी वर्णलेखन आधुनिक केलं आहे. वाचकाला ते सोयीचं, पण चौदाव्या शतकातल्या लेखनपद्धतीचा अभ्यास करणाऱ्याने या पुस्तकावरून निष्कर्ष काढू नयेत.

बाकीची पुस्तकं?

१९४४ चा वेल्श साहित्याचा १९०० पर्यंतचा इतिहास हे त्यांचं दुसरं मोठं काम. ते वेल्शमध्ये आहे, एच. इद्रिस बेल यांनी केलेलं इंग्रजी भाषांतर १९५५ मध्ये निघालं आणि विसाव्या शतकावरची पुरवणी बेल यांनी जोडली, त्यामुळे त्या भागातली मतं पॅरींच्या नावावर उद्धृत करू नका. अठराव्या शतकातल्या पोवाड्यांवरचं पुस्तक १९३५ चं. ‘ऑक्सफर्ड बुक ऑफ वेल्श व्हर्स’ १९६२ चं, त्यातल्या कविता वेल्शमध्येच आहेत. इंग्रजी भाषांतरांचा जवळजवळ त्याच नावाचा संग्रह वेगळा आणि संपादकही वेगळे. ऑनलाइन मागवताना लोक नेमकं चुकीचं घेतात. १९५४ मध्ये त्यांचं ‘लेवेलिन वाउर’ हे नाटक आलं. १९७६ मध्ये मर्विन मॉर्गन यांच्यासह केलेली वेल्श साहित्याची ग्रंथसूची आली, तेव्हा ते सत्तरी ओलांडलेले होते.

प्राचार्य म्हणून त्यांची कारकीर्द कशी होती?

वाढीची आणि तणावाची. पेनग्लाइस टेकडीवर कॉलेजचा विस्तार याच काळातला. १९६९ च्या उन्हाळी सत्रात तेव्हाचे युवराज चार्ल्स वेल्श शिकायला अबेरिस्टविथला आले, त्याला राष्ट्रवादी विद्यार्थ्यांचा विरोध झाला. पॅरी त्याच वर्षी निवृत्त झाले.

ग्रंथालयशास्त्राच्या अभ्यासक्रमातली ‘पॅरी समिती’ म्हणजे हेच का?

हो, हेच. ब्रिटनच्या विद्यापीठ अनुदान समितीने १९६३ मध्ये नेमलेल्या ग्रंथालय समितीचे ते अध्यक्ष. अहवाल १९६७ चा. विद्यापीठाच्या एकूण खर्चातला सुमारे ६ टक्के ग्रंथालयावर व्हावा ही त्यातली गाजलेली शिफारस. महाराष्ट्रात ग्रंथालयशास्त्र शिकणाऱ्यांना हे नाव बहुतेक वेळा एवढ्याच संदर्भात भेटतं, आणि दाविदचा संपादक तोच माणूस हे कोणी सांगत नाही.

वेल्श येत नसेल तर सुरुवात कुठून करावी?

स्वान्सी विद्यापीठाच्या पुढाकाराने २००७ मध्ये उघडलेल्या दाविद अप ग्विलिमच्या संकेतस्थळावर मूळ पाठ, हस्तलिखितांतले पाठभेद आणि इंग्रजी भाषांतर एकत्र मिळतं, तेही मोफत. कवितांचं वाचनही ऐकता येतं. कंहानेद कानावर पडल्याशिवाय कळत नाही, म्हणून आधी ऐका. पॅरींच्या चरित्रासाठी वेल्श चरित्रकोश ऑनलाइन आहे.

सूचीत शोधताना काय चुकतं?

तीन गोष्टी. पहिली, ‘अप’ म्हणजे ‘चा मुलगा’. दाविद अप ग्विलिम म्हणजे ग्विलिमचा मुलगा दाविद. ग्विलिम हे आडनाव नाही, नोंद ‘दाविद’खाली शोधा. (पॅरी हे आडनावही ‘अप हॅरी’चंच झालेलं आहे, पण आधुनिक काळात ते आडनाव म्हणून स्थिर, म्हणून थॉमस ‘पॅरी’खाली सापडतील.)

दुसरी, वेल्शमध्ये आधीच्या शब्दाने पुढच्याचं पहिलं अक्षर बदलतं. ‘कम्राइग’ म्हणजे वेल्श भाषा, पण ‘साहित्य’ या स्त्रीलिंगी शब्दामागे आला की त्याचं ‘गम्राइग’ होतं, आणि पॅरींच्या इतिहासाच्या नावात तो तसाच आहे. मूळ रूप लिहून शोधलंत तर पुस्तक सापडणार नाही.

तिसरी, वेल्श वर्णमालेत काही जोडाक्षरं स्वतंत्र वर्ण मानतात, त्यामुळे छापील कोशातला क्रम इंग्रजीपेक्षा निराळा. दुहेरी ‘ल’चे शब्द एकेरी ‘ल’चे सगळे संपल्यावर येतात.

अबेरिस्टविथला जाऊन बघायचं असेल तर?

श्रूझबरीहून येणाऱ्या रेल्वेचं अबेरिस्टविथ हे शेवटचं स्थानक. ग्रंथालय गावाच्या वरच्या अंगाला टेकडीवर, चढ चांगला आहे. वाचकपत्र मोफत, ओळख आणि पत्ता यांचा पुरावा लागतो. पुस्तकं घरी मिळत नाहीत. हस्तलिखितं पाहायची असतील तर क्रमांक आधीच नोंदवून कळवा. पेन्यार्थ ४९ ही सतराव्या शतकातल्या जॉन डेव्हिस यांच्या हातची दाविदच्या कवितांची प्रत त्या संग्रहात आहे. शाईचं पेन बाहेर ठेवून शिसपेन न्या. दुपारी वेळ मिळाला तर लानबादार्न फाउरला चालत जाता येतं. दाविद जिथे उभा राहून मुलींकडे बघत होता ते चर्च तिथे आहे.